छायाचित्रापासून रंगचित्राकडे

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या दिवाणखान्यात पाऊल टाकले, की भिंतीवर बहुधा एक जुनी तसबीर दृष्टीस पडते. पगडी किंवा काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, खांद्यावर उपरणे असे एक गृहस्थ; शेजारी नऊवारी लुगड्यातील गृहिणी, नाकात नथ, कपाळी ठसठशीत कुंकू. मूळ छायाचित्र कृष्णधवल असावे हे चेहऱ्यांवरून कळते. पण लुगडे हिरवेगार असते, काठ जरीचे असतात, गालांवर किंचित गुलाबी झाक असते, आणि पाठीमागे कोकणात वा देशावर कधीही न दिसणारे एखादे युरोपीय धाटणीचे सरोवर असते. हे चित्र म्हणावे की फोटो, असे कोणी विचारले तर घरच्यांनाही ठामपणे सांगता येत नाही. वस्तुतः ते दोन्ही असते. खाली छायाचित्र आणि वर चित्रकाराचा हात.

आज हेच काम संगणक करतो. घरातील जुना फोटो यंत्रावर घ्यावा, एक कळ दाबावी, आणि तैलचित्र, जलरंग, पेन्सिलचे रेखाटन यांपैकी हवे ते क्षणार्धात पुढे यावे, अशी सोय झाली आहे. तरुण मंडळींना ही कालपरवाची नवलाई वाटते, तर वडीलधाऱ्यांना तो कलेचा अपमान वाटतो. प्रस्तुत लेखकाला दोन्ही मते इतिहासाला धरून वाटत नाहीत. छायाचित्राचे रंगचित्र करण्याची हौस छायाचित्रणाइतकीच जुनी आहे, आणि तिला आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. या सगळ्या काळात खरा प्रश्न रंग चढवावा की न चढवावा हा नव्हताच. रंग चढवताना चेहरा कोणाचा उरतो, हा होता. पूर्वीच्या चित्रकारांनी त्याचे उत्तर आपल्या परीने दिले होते. नव्या यंत्राने ते बदलले आहे. हा बदल नेमका कोठे झाला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

फ्रान्समध्ये दागेरची प्रक्रिया १८३९ मध्ये जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारे ते चित्र विलक्षण रेखीव असे, पण निर्जीव करड्या वर्णाचे. आपला चेहरा असा प्रेतासारखा का, ही गिऱ्हाइकांची तक्रार लगेच सुरू झाली. १८४२ मध्ये लंडनच्या रिचर्ड बिअर्ड याने अशा पत्र्यांवर रंग देण्याच्या कृतीचे पेटंटही घेतले. कोरड्या रंगाची बारीक पूड मऊ कुंचल्याने गालांवर बसवायची, असे ते नाजूक काम होते. म्हणजे छायाचित्र जन्मल्यावर तीन वर्षांच्या आतच त्याला रंग लागला.

त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये याच्या उलट दिशेने एक प्रयोग झाला, आणि तो फार बोधप्रद आहे. मे १८४३ मध्ये एडिंबरा येथे तेथील चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि शेकडो धर्मोपदेशकांनी आपल्या वेतनावर व घरांवर पाणी सोडून नवे चर्च स्थापन केले. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराने तो प्रसंग एका प्रचंड चित्रात रंगवण्याचे ठरवले. पण साडेचारशेंहून अधिक माणसांचे चेहरे समोर बसवून कसे रंगवणार? ती तर लवकरच आपापल्या गावी पांगणार होती. शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्यांना सुचवले, की टॅल्बटच्या कागदी निगेटिव्हच्या पद्धतीने सर्वांची छायाचित्रे घेऊन ठेवा. रॉबर्ट ॲडम्सन या तरुण छायाचित्रकाराशी हिलची जोडी जमली आणि दोघांनी मोकळ्या उन्हात शेकडो छायाचित्रे घेतली. ॲडम्सन १८४८ मध्ये ऐन तारुण्यात वारला. हिलचे चित्र मात्र पुरे व्हायला १८६६ साल उजाडले. तब्बल तेवीस वर्षे! अकरा फुटांहून अधिक लांबीच्या त्या चित्रात चेहऱ्यांची नुसती दाटी आहे, आणि आज कलेचे जाणकार ते पाहतात ते बहुधा कुतूहलापोटी. उलट, ज्यांना केवळ कच्चा माल समजले गेले त्या छायाचित्रांची गणना जगातील उत्तमोत्तम व्यक्तिचित्रांत होते. ती छायाचित्रे जपून ठेवली गेली नसती तर काय झाले असते, याचा विचार करावा. चित्र राहिले असते आणि माणसे गेली असती.

छायाचित्राला रंग देण्यामागे केवळ हौस होती असे मात्र नव्हे. त्यामागे एक शास्त्रीय कारण होते, आणि आपल्या घरच्या तसबिरींशी त्याचा जवळचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकातील प्लेटा केवळ निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच जाणत. तांबडा रंग त्यांच्या लेखी अंधारच होता. त्यामुळे निळे आकाश छायाचित्रात पांढरेफटक येई, फिकट निळे लुगडे जवळजवळ पांढरे दिसे, आणि तांबडी पगडी काळीभोर होई. कपाळावरचे कुंकूही काळे उमटे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेल यांनी १८७३ मध्ये प्लेटेत रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा रंग दिसेल असे केले; सर्व रंगांना जाणणारी प्लेट बाजारात यायला १९०६ साल लागले; आणि त्यानंतरही अनेक स्टुडिओ जुन्याच पद्धतीच्या स्वस्त प्लेटा वापरत राहिले, कारण त्या लाल दिव्याच्या उजेडात धुता येत. सौभाग्यवती आजीचे कपाळ छायाचित्राने काळे केले होते. त्यावर तांबडा ठिपका देणारा चित्रकार खोटे करत नव्हता, तर यंत्राने केलेली चूक दुरुस्त करत होता. छायाचित्र म्हणजे सत्य आणि रंग म्हणजे कल्पना, ही सोपी वाटणी येथे टिकत नाही.

आपल्याकडे या विद्येचे स्वागत किती तत्परतेने झाले, हे मुंबईच्या उदाहरणावरून दिसते. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था १८५६ च्या. मुंबईच्या सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड हे आरंभापासून सभासद होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे घेत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गच सुरू झाला आणि तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नाव मिळवले. जे. जे. कलाशाळा निघाली ती १८५७ मध्ये. म्हणजे मुंबईत कॅमेऱ्याची शाळा कुंचल्याच्या शाळेच्या आधी सुरू झाली, असे गमतीने म्हणता येईल.

जाता जाता आणखी एक गंमत. १८५५ पासून पुढची तीस-पस्तीस वर्षे बहुतेक छायाचित्रे ज्या कागदावर छापली जात, त्या कागदाला अंड्यातील पांढऱ्या भागाचा लेप दिलेला असे. सोवळ्यात बसून काढून घेतलेली आमच्या पूर्वजांची छायाचित्रे या कागदावर अवतरली आहेत, हे त्यांना कोणी सांगितले नसावे! या लेपामुळे कागद गुळगुळीत होई आणि त्यावर जलरंग धरत नसे. मग रंगात जनावराचे पित्त मिसळून तो चिकटवत. सोवळेपणाच्या दृष्टीने हे त्याहून कठीण. तेव्हा तो विषय येथेच सोडलेला बरा.

युरोपातील रंगाऱ्याने छायाचित्रावर रंगाची विरळ झाक दिली आणि तो थांबला. हिंदुस्थानात तसे झाले नाही. येथे हे काम ज्यांच्या हाती आले ते पिढीजात चित्रकार होते. राजस्थानच्या दरबारांतील लघुचित्रांची परंपरा तेव्हा आश्रयाअभावी क्षीण होत चालली होती. त्या घराण्यांतील हात छायाचित्रांकडे वळले. त्यांनी जाड, अपारदर्शक रंग वापरले. जरीपटका, मोत्यांचे सर, तलवारीची मूठ यांवर सोनेरी रंग चढला. पार्श्वभूमी तर पुष्कळदा पूर्ण पुसून तेथे गालिचा, कठडा, महिरप असे नवे विश्व उभे केले गेले. छायाचित्रातील खोलीचा आभास नाहीसा होऊन सारे चित्र लघुचित्रासारखे सपाट झाले. कित्येकदा खाली छायाचित्र आहे याचा पुरावा म्हणून एकच गोष्ट उरे: चेहरा. त्यावर अगदी पातळ रंगाचा हात फिरवलेला असे, आणि डोळ्यांना तर जेमतेम स्पर्श. वस्त्र, दागिने, भिंत, आकाश यांत चित्रकार स्वतःच्या मर्जीचा धनी होता. चेहऱ्यापाशी तो नम्र होई. या एका गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे.

जयपूरचे महाराज सवाई रामसिंह दुसरे, ज्यांची कारकीर्द १८३५ ते १८८० अशी झाली, ते स्वतः निष्णात छायाचित्रकार होते. जनान्यातील स्त्रियांची छायाचित्रे त्यांनी घेतली, स्वतःचीही नाना वेषांत घेतली. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हज जयपूरच्या सिटी पॅलेस संग्रहालयात जपल्या आहेत. नाथद्वारा येथे याहून वेगळी तऱ्हा निघाली. श्रीनाथजींच्या दर्शनाला आलेल्या यात्रेकरूला देवासमोर हात जोडून उभे असलेले आपले चित्र हवे असे. चित्रकार देऊळ, देव, पूजेचा थाट सारे रंगात काढी, आणि यात्रेकरूच्या देहावर त्याच्या छायाचित्रातून कापलेला चेहरा चिकटवी. देव रंगाचा आणि भक्त छायाचित्राचा. भक्ताला स्वतःचा चेहरा खरा हवा होता, कारण दर्शन त्याला घडले होते, दुसऱ्या कोणाला नव्हे.

मराठी राज्यांत या कलेचे मोठे आश्रयस्थान म्हणजे इंदूर. लाला दीनदयाळ हे मूळचे मीरतजवळच्या सरधन्याचे, जन्म १८४४. रुडकीच्या अभियांत्रिकी विद्यालयात शिकून ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके तयार करण्याच्या कामावर लागले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकर दुसरे आणि मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे सरकारी नोकरी सोडून ते पूर्णवेळ छायाचित्रकार झाले, सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब त्यांना मिळाला, आणि इंदूर, सिकंदराबाद व मुंबई अशा तीन ठिकाणी त्यांचे स्टुडिओ झाले. सरकारी कचेरीत अंदाजपत्रके करणारा मनुष्य एवढी मजल मारू शकतो, हे आमच्यासारख्यांना धीर देणारे आहे. अर्थात सगळ्यांनाच तुकोजीराव भेटत नाहीत. दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास स्त्रियांसाठी एक स्टुडिओ काढला. तेथील छायाचित्रकारही एक इंग्रज बाईच होती. पडद्यातील स्त्रिया तेथे निःसंकोचपणे जाऊ शकत. एका बाईने दुसऱ्या बाईचा चेहरा जसा आहे तसा टिपण्याची ती सोय होती, हे त्या काळाच्या मानाने थोडे नव्हे.

राजेरजवाड्यांची ही हौस विसाव्या शतकात मध्यमवर्गाच्या घरात शिरली ती ब्रोमाइड कागदाच्या मार्गाने. या कागदावर लहान निगेटिव्हवरून मोठे छायाचित्र छापता येऊ लागले. त्याला सर्वतोमुखी ‘एन्लार्जमेंट’ म्हणत. सदाशिव पेठ असो, गिरगाव असो की ग्वाल्हेरचा बाडा असो, फोटोग्राफरच्या दुकानात एखादा ‘आर्टिस्ट’ बसलेला असेच. त्याची कामाची पद्धत आता फारशी कोणाला ठाऊक नाही, म्हणून येथे जरा तपशिलाने सांगतो.

पहिला हात निगेटिव्हवर. तिच्यावर एक पातळ रोगण पुसून, सुईसारखे टोक केलेल्या कठीण पेन्सिलने देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, कपाळावरच्या आठ्या बारीक टिंबांनी भरून काढायच्या. त्यानंतर मोठा फोटो छापून तो रसायनात बुडवायचा, म्हणजे काळा वर्ण जाऊन तपकिरी येतो. हे रसायन सडक्या अंड्यांसारखा वास सोडी, त्यामुळे हे काम दुकानाच्या मागच्या अंगाला चाले. तपकिरी वर्णावर त्वचेचा रंग चांगला मिसळतो. मग फोटो पुठ्ठ्यावर डकवून त्यावर तैलरंग. हे तैलरंग पारदर्शक असत आणि कुंचल्याने न देता काडीला गुंडाळलेल्या कापसाने चोळले जात. प्रथम सबंध चेहऱ्यावर त्वचेचा रंग फिरवायचा. मग टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या कापसाने नाकाचा शेंडा, कपाळाचा उजळ भाग, डोळ्यांतील पांढरे पुसून मोकळे करायचे. गालांवर व ओठांवर तांबूस. अगदी शेवटी बारीक कुंचला: नथीतील मोती, मंगळसूत्राची वाटी, जरीचा काठ, आणि कुंकू. लुगडे कोणत्या रंगाचे होते हे घरच्यांना विचारून घेत. घरच्यांत यावरून मतभेद होत, आणि बहुधा ज्याने पैसे दिले त्याचा रंग कायम होई!

या दुकानांत सर्वांत अवघड काम येई ते मृत व्यक्तीचे. पुष्कळ बायकांचा उभ्या आयुष्यात स्वतंत्र असा एकही फोटो निघत नसे. मागे उरे तो एखाद्या मुंजीतला वा लग्नातला गटाचा फोटो, त्यातही दुसऱ्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआडून डोकावणारा वाटाण्याएवढा चेहरा. तो मोठा करायचा, आजूबाजूची माणसे रंगाखाली बुजवायची, धड नव्याने काढायचे. उघडे बसलेल्या आजोबांना कोट मिळे, आजींना न घेतलेला शालू मिळे. यात कल्पनेचा भाग किती असे! परंतु चांगला आर्टिस्ट येथेही दोन गोष्टी पाळी. एक म्हणजे घरातील कोणाला तरी समोर बसवून तो विचारी: नाक असेच होते ना, हनुवटीवर तीळ होता का? म्हणजे पाहिलेल्या माणसाची साक्ष तो घेई. दुसरे म्हणजे मूळ फोटो तो परत करी, कारण त्याचा कुंचला वेगळ्या प्रतीवर चाललेला असे.

याच काळात युरोपात एक चळवळ मुद्दाम छायाचित्राला चित्राचे रूप देऊ पाहत होती. गोंद आणि रंगाचा लेप कुंचल्याने धुऊन काढणारे फ्रान्सचे रोबेर दमाशी, आणि आपल्याकडे मुंबईचे पारशी छायाचित्रकार शापूर भेडवार ही त्यातील ठळक नावे. १९०७ मध्ये निघालेल्या ब्रोमॉइल पद्धतीत तर छायाचित्रातील चांदी काढून टाकून तिच्या जागी ताठ कुंचल्याने शाई टोचून बसवत. छायाचित्र ही कला आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याने चित्रासारखे दिसावे, हा त्यांचा आग्रह आज काहीसा केविलवाणा वाटतो.

रंगीत फिल्म आली आणि आर्टिस्टचे दुकान हळूहळू उठले. आपल्याकडे १९८० च्या दशकात रंगीत प्रती स्वस्त व सर्वत्र मिळू लागल्या, आणि कापसाच्या काड्या फडताळात गेल्या. पण ज्या सुमारास हा व्यवसाय मावळत होता त्याच सुमारास दूर अमेरिकेत त्याचा पुनर्जन्म होत होता.

१९९० हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. टॉमस व जॉन नोल या बंधूंनी तयार केलेली फोटोशॉप ही प्रणाली त्या वर्षी ॲडोबी कंपनीने बाजारात आणली. त्याच वर्षी पॉल हेबर्ली यांनी एक छोटा पण कल्पक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रणालीत पडदा कोरा असे. तुम्ही हाताने कुंचला फिरवायचा. ज्या जागी तो टेकेल त्या जागचा रंग संगणक मूळ छायाचित्रातून उचलून आणी. फटकारा लांब की आखूड, तिरका की उभा, हे तुमच्या हाती. रंग छायाचित्राच्या हाती. १९९१ मध्ये निघालेल्या पेंटर या प्रणालीने हीच सोय सामान्य चित्रकाराला उपलब्ध करून दिली, आणि तिचा डबा खरोखरच रंगाच्या डब्यासारखा होता. १९९४ च्या फोटोशॉपमध्ये थर आले. खाली छायाचित्र, त्यावर पारदर्शक कागद ठेवावा तसा कोरा थर, आणि रंग त्या थरावर. कधीही वरचा थर बाजूला करावा, खालचा चेहरा तसाच शाबूत. ब्रोमाइडवर काम करणाऱ्या आर्टिस्टाला हे पाहून धन्य वाटले असते.

कळ दाबताच तैलचित्र करून देणाऱ्या एका युक्तीचे मूळ मात्र कलेत नसून वैद्यकात आहे. १९७६ मध्ये कुवाहारा या जपानी संशोधकाने हृदयाच्या किरणोत्सर्गी चित्रणातील खरखर काढून टाकण्यासाठी एक रीत सुचवली. प्रत्येक चित्रबिंदूच्या भोवती चार लहान चौकोन कल्पावेत. ज्या चौकोनात रंगाचा चढउतार सर्वांत कमी असेल, त्या चौकोनाची सरासरी त्या बिंदूला द्यावी. परिणाम असा होतो, की सपाट भाग गुळगुळीत होतात पण कडा मात्र पुसट होत नाहीत, आणि सबंध चित्र कुंचल्याच्या ठिपक्यांनी भरल्यासारखे दिसते. हृदयाच्या ठोक्यांसाठी शोधलेली ही रीत आजोबांच्या मिशांना तैलरंगाचे रूप देऊ लागली! १९९८ मध्ये ॲरन हर्ट्झमन यांनी त्यापुढे पाऊल टाकले. त्यांचा संगणक खऱ्या चित्रकारासारखा आधी मोठा कुंचला घेतो, मग मूळ छायाचित्राशी ताडून पाहतो, आणि जेथे फरक जास्त तेथेच लहान कुंचला चालवतो. साहजिकच डोळे व ओठ यांच्याजवळ बारीक काम होते आणि भिंतीवर ढोबळ.

येथवरच्या सर्व रीतींत एक समान सूत्र आहे. प्रत्येक फटकाऱ्याचा रंग मूळ छायाचित्रातून येतो. छायाचित्रात जे नाही ते त्या आणू शकत नाहीत; फार तर असलेले पुसट करतील. जयपूरच्या चित्रकारापेक्षा त्या अधिक सोवळ्या आहेत, असे म्हटले तरी चालेल.

२०१५ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथील गॅटिस, एकर व बेटगे या तिघांनी निराळीच वाट काढली. चित्रे ओळखायला शिकवलेल्या संगणकीय जालातून त्यांनी चित्राची ‘शैली’ आणि चित्राचा ‘आशय’ वेगळे मोजून दाखवले, आणि त्यांच्या गावच्या नदीकाठचे छायाचित्र व्हॅन गॉगच्या शैलीत उतरले. दुसऱ्याच वर्षी, २०१६ मध्ये, प्रिझ्मा नावाच्या सोयीने ही किमया प्रत्येकाच्या फोनमध्ये आली. आणि २०२२ पासून जी यंत्रे सर्वांना खुली झाली ती याहूनही पुढची. ती छायाचित्रावर रंग चढवत नाहीत. ती छायाचित्र पाहतात, आणि अगणित चित्रांवरून बसलेल्या सवयीने एक नवे चित्र रचतात. मार्च २०२५ मध्ये जपानी व्यंगपटांच्या धाटणीची कुटुंबचित्रे घरोघरी निघाली, ती या यंत्रांचीच.

येथे मघाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. एका स्नेह्यांनी आपल्या आजीचा १९४० च्या सुमाराचा फोटो अशा यंत्राकडून रंगवून घेतला. चित्र देखणे आले. पण नथ जाऊन तेथे नाकाची सावली आली होती, आडवे कुंकू गोल टिकलीएवढे झाले होते, आणि किंचित पुढे असलेले दात मागे जाऊन आजी मंद हसत होती. आमच्या स्नेह्यांच्या वयोवृद्ध आत्याबाईंनी चित्र हातात घेतले, चष्मा पुसून पाहिले, आणि विचारले, “कोण रे ही बाई?” यंत्राने आजीला कुरूप केले नव्हते, त्याने तिला सरासरीची बाई केली होती. चित्रकार वस्त्रे व भिंती बदलून चेहऱ्यापाशी थांबे. यंत्र चेहऱ्यापाशी थांबत नाही, कारण चेहरा आणि भिंत यांत त्याला अंतर दिसत नाही. समोर बसवून विचारायला त्याच्यापाशी आत्याबाईही नाहीत.

हा सारा ऊहापोह करण्याला निमित्त झाले ते आपल्या मंडळाच्याच एका प्रस्तावाचे. सुवर्णमहोत्सवानिमित्त संस्थापक सभासदांची तैलचित्रे सभागृहात लावावीत, आणि खर्च वाचावा म्हणून ती १९७५ च्या गटाच्या फोटोवरून संगणकाने करून घ्यावीत, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली. सूचना चांगल्या हेतूने आली आहे आणि तिला माझा विरोध नाही. मात्र हिशेब पाहावा. तो फोटो पोस्टकार्डाएवढा. त्यात बत्तीस माणसे. एकेकाचा चेहरा जेमतेम पाच मिलिमीटर रुंद. इंचाला सहाशे ठिपके या मापाने तो यंत्रावर घेतला तर एका चेहऱ्याच्या वाट्याला आडवे सव्वाशेही ठिपके येत नाहीत. तेवढ्यावरून दीड फुटाची तसबीर करायची, तर उरलेला चेहरा कोठून येणार? तो यंत्राच्या कल्पनेतूनच येणार. मूळ निगेटिव्ह कोणाच्या संग्रही सापडली तर गोष्ट निराळी. प्रतीपेक्षा निगेटिव्हमध्ये कितीतरी अधिक तपशील दडलेला असतो. ज्या कुटुंबांकडे त्या काळातील स्वतंत्र फोटो असतील त्यांनी ते दिले, तर कल्पनेला तितका वाव कमी राहील.

कार्यकारिणीने आता असे ठरवले आहे, की तैलचित्रे करून घ्यावीत, पण थरांच्या पद्धतीने, जाणत्या हाताकडून, चेहऱ्यावर फक्त छायाचित्रातलाच रंग व रेषा ठेवून. प्रत्येक तसबिरीखाली ती कोणत्या छायाचित्रावरून व कोणत्या वर्षी संगणकावर केली हे लिहावे. आणि १९७५ चा मूळ फोटो आहे तसाच, रंग न लावता, प्रवेशद्वाराजवळ लावावा. त्याच्या पाठीवर तत्कालीन कार्यवाहांनी पेन्सिलीने नावे लिहून ठेवली आहेत. एकतीस नावे लागतात. मागच्या रांगेत डावीकडून चौथे, चष्मा लावलेले, हाताची घडी घालून उभे असलेले गृहस्थ कोण, हे अद्याप कळलेले नाही. ज्यांना ठाऊक असेल त्यांनी कृपया मंडळाच्या कार्यालयात कळवावे.